काळ्या लोकरीचं जोडवं

हरल्याचं दुःख सिद्धाप्पाला कालच होऊन गेलं होतं. सकाळी शिल्लक राहिला होता तो गुडघा. किंक्रांतीच्या दिवशी गिरणीच्या दुसऱ्या भोंग्याला पीरसाबनं त्याला आपल्या टांग्यातून तळ्याच्या काठी आणलं आणि बगलेत हात घालून खाली उतरवलं. गड्ड्याच्या जत्रेला आलेली माणसं वळूनवळून बघू लागली. कालपर्यंत हीच माणसं त्याच्या नावानं आरोळ्या ठोकत होती. आज कुणी लांबूनच रामराम घातला, कुणी नुसतं चुकचुकलं.

"बघताय काय?" पीरसाब त्यांच्यावर खेकसला. "पैलवान कधी बघितला न्हाई व्हय?"

पीरसाब आणि सिद्धाप्पा एकाच साली चनबसप्पा वस्तादांच्या तालमीत दाखल झालेले. पीरसाबची पाठ सहाव्या वर्षीच गेली आणि त्यानं टांगा धरला. सिद्धाप्पा अठरा वर्षं टिकला. आज पहाटे त्यानं आपला लंगोट मारुतीच्या पायाशी ठेवला, हौदातली चिमूटभर लाल माती कपाळाला लावली, आणि वस्तादांची बाज जिथं असायची त्या कोपऱ्याला हात जोडले. वस्तादांना जाऊन तीन वर्षं झाली होती. निरोप घ्यावा असं तालमीत दुसरं कुणी उरलं नव्हतं.

आता त्याला एकच हवं होतं. घरी जायचं होतं. घर म्हणजे वैरागजवळच्या माळावरचं मायाक्काचं, त्याच्या बायकोचं, खोपट. त्या खोपटाच्या उंबऱ्याच्या आत त्यानं बारा वर्षांत पाऊल टाकलेलं नव्हतं.

कडुनिंबाखाली त्यांची गाडी सुटलेली होती. गोजाबाई, त्याची थोरली भावजय, तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होती. थोरला भाऊ हरिबा विकायला आणलेली घोंगडी मोजल्यासारखी करत होता आणि पुन्हा तीच उलगडत होता. बाजूला बापाचा चुलतभाऊ गुंडातात्या, त्यांच्या बिरोबाचा पुजारी, भंडाऱ्याची पिशवी मांडीवर घेऊन तंबाखू मळत बसला होता. मायाक्का तळ्यावर पाण्याला गेली होती.

"बस," हरिबा म्हणाला. "खाली नगं. गाडीच्या साटीवर बस."

हरिबाला त्याच्याकडे सरळ बघवेना. धाकट्या भावाला पैलवान करायचं हे त्याच्याच डोक्यातून निघालेलं. सोळा वर्षांच्या सिदूनं वैरागच्या बाजारात उधळलेला खोंड शिंगं धरून खाली बसवला आणि ते बघून हरिबा वेडाच झाला. त्या दिवसापासून घरचं तूप सोलापूरला जाऊ लागलं आणि हरिबाची स्वतःची पोरं ताकावर वाढली. गोजाबाईनं एकदा त्यावर तोंड उघडलं, तर पंधरा दिवस त्यानं तिच्याशी अबोला धरला. बरं, त्या तुपाचं चीज झालं नाही असंही नाही. बार्शी, मिरज, अक्कलकोट, सिदू जाईल तिथून डोक्याला फेटा बांधूनच परतला. हरिबा जत्रेत ओळखीच्या-अनोळखीच्या कुणालाही गाठून सांगे, "त्यो माझा भाऊ." काल मात्र सिदूचा गुडघा वळला आणि तो मातीत आडवा झाला, तेव्हा शेजारच्यानं विचारलं, "तुमचा कोन हो त्यो?" हरिबाच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. ते त्याला आत कुठंतरी टोचत होतं, आणि टोचत होतं म्हणूनच तो आज जरा जास्तच थोरलेपणानं बोलत होता.

"झालं ते झालं. आता घरी चल."

"त्येच म्हनून आलोय, दादा."

"माढ्याला एक पोरगी बघून ठिवलीया. गरिबाची हाय, पर कामाला वाघीन हाय. म्होरल्या म्हैन्यात उरकून टाकू."

गोजाबाईनं तवा दाणकन खाली ठेवला. "पोरगी? अन् मायाक्का काय मेली व्हय?"

"मेली न्हाय, पर नांदती बी न्हाय. बारा वर्सं माजा भाऊ सनासुदीला येतो, दारात बसून भाकरी खातो, गोठ्यात निजतो आन् माघारी जातो. त्यानं काय जन्मभर दारातच बसायचं?"

"तिला तरी आत एकटीनं बसायची हौस हाय का? त्या दिवशी तालमीत जे झालं ते तिनं केलं व्हय?"

"मंग तिला तालमीवर धाडलं कुनी व्हतं?" हरिबानं विचारलं. "तूच की."

चुलीच्या कडेला लावलेली भाकरी करपू लागली तरी गोजाबाईचा हात हलला नाही.

धाडलं होतं तिनंच. बारा वर्षांपूर्वी, अशाच जत्रेत, भोगीच्या दिवशी. चार महिने नांदलेली पोर, नवरा तालमीत लंगोट बांधून बसलेला, दोन वर्षांत त्याचं तोंड बघितलेलं नाही. गोजाबाईला तिची दया आली. तुपाचं गाडगं तिच्या हातात देऊन ती म्हणाली, जा, तूच देऊन ये, तेवढंच लांबून बघशील. चनबसप्पा वस्तादांच्या तालमीचा रिवाज मात्र तिला ठाऊक नव्हता. नेम धरलेल्या पैलवानानं बाईच्या तोंडाकडे बघायचं नाही. तालमीच्या पायरीशी कुणीही बाई आली, तेलीण असो की भिकारीण, मान खाली घालून आधी तिच्या पाया पडायचं, मग काय हवं ते विचारायचं. मायाक्का पायरीशी उभी राहिली. सिद्धाप्पा हौदातून वर आला, आणि समोर मारुती, बाजेवर वस्ताद असताना त्यानं आपल्या बायकोच्या पायांवर डोकं ठेवलं.

मायाक्का परत आली ती पांढरीफटक पडून. "जाऊबाई, ते माज्या पाया पडले. मारुतीम्होरं." त्या पोरीनं नंतर एकदाच विचारलं होतं, की देवासमोर ज्यानं आईच्या जागी बसवलं त्याचं अंथरूण घालायचं कसं? गोजाबाईला उत्तर आलं नाही, आणि घरातल्या कुणालाच आलं नाही. हसण्यावारी न्यावी अशी ही गोष्ट नव्हती. देवासमोर टेकलेलं डोकं त्यांच्यात मागे घेता येत नसे.

गुंडातात्यानं तंबाखूची चिमूट दाढेखाली सारली. "येक इचारू का? बारा वर्सांत माज्याकडं कुनी का आलं न्हाय?"

"तात्या, घरातली लाज कुठं म्हनून सांगत सुटायचं?" हरिबा म्हणाला.

"आरं, लाज जपून ठिवली की कुजती. ऐक. बायको हाय हे जानून पाया पडला आसंल, तर ती आईच झाली, त्येला माज्याकडं इलाज न्हाय. कुनाकडंच न्हाय. पर म्होरं कोन उबी हाय ते ठावंच नसंल, तर ते डोकं तालमीच्या नेमाला टेकलं, तिला न्हाय. भंडारा हातात घिऊन तेवढं सांगायचं. म्हंजी मोकळं."

मग गोजाबाईचा चेहरा एकदम उजळला.

"मंग झालंच की! मान खाली घालायचाच नेम न्हवं? वर बघितलंच न्हाई तर भावजी वळखनार कसं? काय भावजी?"

"खरंच की," हरिबा म्हणाला. माढ्याची पोरगी त्यानं तिथल्या तिथं सोडून दिली. नवराबायकोचं इतक्या लवकर एकमत झालेलं घरात फारसं कुणी बघितलं नव्हतं. "सिदू, तू तात्याला सांग, न्हाय वळखलं. येवडंच. दोन सबुद."

सिद्धाप्पा गुडघ्यावर हात ठेवून बसला होता.

मान खाली घालायचा नेम होता, हे खरं. पण खाली पाय होते. डाव्या पायातलं जोडवं बोटाला सैल होतं, आणि ते निसटू नये म्हणून त्याला काळ्या लोकरीचा धागा गुंडाळलेला होता. तो धागा त्यानंच गुंडाळला होता. बार्शीच्या जत्रेत पहिली कुस्ती मारली तेव्हा सराफाकडून जोडवी घेतली, माप चुकलं, मायाक्का हसली. तेव्हा त्यानं स्वतः कातरलेल्या मेंढीची लोकर मांडीवर वळून तिच्या पायाशी बसून जोडव्याला गुंडाळली होती. पायरीशी वाकला तेव्हा त्याला तो धागा दिसला. त्याची बोटं तिथं थांबली. वर बघावं, वस्तादांना सांगावं, ही माझी घरची आहे, असं त्याच्या मनात आलं. पण तीन दिवसांवर मिरजेकडच्या अल्लाउद्दीनशी कुस्ती होती, आणि कुस्तीच्या तोंडावर नेमाचा भंग झाला तर वस्ताद जोड मोडतील अशी भीती होती. वस्ताद कदाचित नुसते हसलेही असते. ते त्याला कधीच कळणार नव्हतं. त्यानं डोकं टेकलं, आणि तीन दिवसांनी अल्लाउद्दीनला अकराव्या मिनिटाला आस्मान दाखवलं.

पुढं मायाक्कानं त्याला दारातच ताट वाढलं तेव्हा कारण त्याला न सांगता कळलं. तेव्हाच तिच्याशी बोलायला हवं होतं. तो बोलला नाही, कारण खरं सांगायचं तर ते त्याच्या पथ्यावरच पडलं. पैलवानाला घर नको असतं. एक वर्ष, मग दुसरं, मग हाताशी आलेला कुठला तरी मोठा फड. बारा वर्षं त्यानं असं ढकललं, आणि आता गुडघा मोडल्यावर त्याला उंबरा आठवला होता. या गोष्टीची त्याला इतकी लाज वाटत होती की गुडघ्याचं दुखणं त्यापुढं बरं वाटावं.

"सिदू," पीरसाब वाकून हळू आवाजात म्हणाला, "त्या दिवशी सांजच्याला हौदावर तू मला काय बोलला, याद हाय ना?"

"पीरसाबभाऊ," गोजाबाई मधेच म्हणाली, "घोड्याला जरा पानी दावून या की."

"घोडा पानी पिऊन आलाय, भाभी." पीरसाब जागचा हलला नाही. "सिदू, वस्ताद आपल्याला काय शिकवायचे? पाठ लागली तर लागली म्हनायचं. पंचानं बघितलं नसलं तरी आपन सांगायचं. तू तर एकदा भर फडात स्वतःच्या तोंडानं सांगून कुस्ती सोडलीस. मग आज झूट कशाला?"

"तवा माघारी जायाला तालीम व्हती, पीरसाब," सिद्धाप्पा म्हणाला. "आज खरं सांगून कुटं जाऊ?"

पीरसाब घोड्याकडे निघून गेला.

मायाक्का घागर डोक्यावर घेऊन चढ चढत होती तोच गोजाबाई धावत तिला आडवी आली आणि दोन दमांत सगळं सांगून मोकळी झाली. तात्या काय म्हणाला, भंडारा कसा उचलायचा, भावजींनी कसं वर बघितलंच नव्हतं. बोलताबोलता तिचे डोळे भरून आले. "तुला म्याच धाडलं व्हतं गं. माज्या जिवाला बारा वर्सं घोर हाय."

"हूं," मायाक्का म्हणाली.

"नुसतं हूं काय? आज तुज्या घरी तुजा मानूस येतोय."

मायाक्कानं घागर दुसऱ्या हातानं सावरली. सकाळी तळ्यावरून तिनं त्याला टांग्यातून उतरताना बघितलं होतं. एवढा थोरला माणूस, आणि पीरसाबच्या खांद्यावर लोंबकळत होता.

त्या दिवशी पायरीवर त्याची बोटं जोडव्याशी थांबली होती. एक श्वासभर. ते गोजाबाईला माहीत नव्हतं, कुणालाच माहीत नव्हतं. त्यानं ओळखलं होतं आणि तरी डोकं टेकलं होतं. बायकोपेक्षा कुस्ती मोठी केली म्हणून ती संतापली, रडली, उंबरा बंद केला. पण दोन वर्षं तोंड न बघितलेल्या बायकोला त्यानं नुसत्या पायांवरून ओळखलं, हेही तेवढंच खरं होतं, आणि बारा वर्षं माळावर एकटीनं मेंढरं राखताना तिनं त्या एका ओळखीवरच दिवस काढले होते. गोजाबाईचं बोलणं ऐकताऐकताच तिनं मनाशी ठरवलं. चारचौघांत त्यानं ‘वळखलं व्हतं, चुकलो’ म्हटलं तर ती तात्याला सांगणार होती, की इलाज नसला तर नसू द्या, दोष लागंल तो माज्या डोक्यावर, मी माणूस घरी नेते. लोक थुंकतील तर थुंकू देत.

तिनं घागर उतरवली, पदर सारखा केला आणि तात्यासमोर येऊन उभी राहिली.

"इचारा त्यास्नी, तात्या. म्या बी ऐकते."

तात्यानं पिशवी सोडली. सिद्धाप्पाच्या पसरलेल्या हातावर पिवळाजर्द भंडारा ओतला. याच हातानं त्यानं अठरा वर्षं माणसं उचलून टाकली होती. आज भंडारा त्याच्या बोटांच्या फटींतून गळत होता.

"सिद्धाप्पा, बिरोबाम्होरं सांग. त्या दिवशी तालमीच्या पायरीवर बाई कोन हाय ते तुला ठावं व्हतं का?"

हरिबा त्याच्याकडे बघत होता. गोजाबाईनं हात जोडले होते. सिद्धाप्पानं एकदा मायाक्काकडे बघितलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, सरळ, पापणी न हलवता. त्याला वाटलं ती विनवते आहे. त्याला वाटलं, तिलाही हेच हवं आहे, दोन शब्द आणि मोकळं.

"न्हाय," तो म्हणाला. "न्हाय वळखलं."

"चांगभलं!" तात्यानं मूठभर भंडारा दोघांवर उधळला. "बिरोबाच्या नावानं चांगभलं! गेला दोष!"

हरिबानं भावाला मिठी मारली आणि एवढा मोठा बाप्या ढसाढसा रडला. काल गर्दीत जे म्हणता आलं नव्हतं ते तो आता येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणत होता, "माजा भाऊ हाय, माजा भाऊ!" गोजाबाईनं मायाक्काच्या कपाळाला भंडारा लावला, तिच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मायाक्का उभी होती. तिचे डोळे आपल्या डाव्या पायाकडे गेले होते. बोटं थांबली होती की नव्हती? का एकटीनं राहून राहून आपणच तसं धरून बसलो? तिला आता काहीच आठवेना.

मग ती चुलीशी गेली आणि ताट वाढून घेऊन आली. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, कालची उरलेली भाजी, वर लोण्याचा गोळा. बारा वर्षांत पहिल्यांदा तिनं ताट त्याच्या अगदी समोर ठेवलं आणि स्वतः जवळ बसली. बाकीचे उमजून बाजूला झाले. हरिबा बैल जुंपायच्या तयारीला लागला. उन्हं कलायच्या आत वैरागची वाट धरायची होती.

सिद्धाप्पानं पहिला घास मोडला. तिनं लुगड्याचा काठ ओढून दोन्ही पाय झाकून घेतले. हे त्यानं बघितलं. बायको नवऱ्यासमोर कशाला पाय झाकेल, हे त्याला आधी कळेना. ज्यानं हे पाय ओळखले नाहीत म्हणून सांगितलं, त्याच्यापासून ती ते झाकत होती; हे कळलं तेव्हा घास तोंडातच राहिला. मघाशी भंडाऱ्याच्या वेळी तिच्या डोळ्यांत विनवणी नव्हती. ती काहीतरी विचारत होती, आणि त्यानं तिला नाही म्हणून सांगितलं होतं.

"अगं," तो म्हणाला. "डाव्या जोडव्याला काळी लोकर व्हती. म्या वळखलं व्हतं."

गाडीपाशी हरिबा बैलांना चुचकारत होता.

"खरं सांगतो. बगताक्षनी वळखलं व्हतं."

"लोकर तर आजून बी हाय," ती म्हणाली. "दारात ताट वाढताना चार येळा दिसली आसंल तुमास्नी."

"न्हाय गं. तवाचं सांगतोय. पीरसाबला इचार."

"पीरसाबभाऊ तुमचंच मानूस हायती." तिनं त्याच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली, लोणी जवळ सरकवलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्याला धरायला काहीतरी मिळालं असतं. "चला घरी. अंथरूण घालीन, पाय शेकीन, समदं करीन. पर भंडारा हातात घिऊन न्हाय म्हनलात, आन् आता भाकरी खाताना व्हय म्हंता. मी कंचं खरं धरू?"